कुठल्या स्टेशनवर उतरायचं?

पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण इथल्या बहुतेक कारखान्यांची आठवड्याची सुट्टी गुरुवारी असते. विजेचा सगळा भार एकाच दिवशी चढू-उतरू नये म्हणून औद्योगिक वसाहतींना सुट्टीचे वेगवेगळे वार नेमून दिले गेले, आणि आपल्या भागाच्या वाट्याला गुरुवार आला. रविवारी घर भरलेलं असतं तेव्हा कामगार मशीनवर असतो आणि तो मोकळा असतो तेव्हा मुलं शाळेत. मग गुरुवारी वेळ घालवायला सोबत मिळते ती शिफ्टमधल्याच माणसांची. या शहरात डोंगरावर जाण्याची सवय रुजली त्यात या एकट्या पडलेल्या सुट्टीचा वाटा मोठा आहे, असं मला पक्कं वाटतं.

गुरुवारी सकाळच्या लोणावळा लोकलमध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डीला चढणारी ही मंडळी लगेच ओळखू येतात. चौघं-पाचजण, दोन सॅक, कुणीतरी आदल्या रात्रीची नाईट संपवून थेट स्टेशनवर आलेला. पायात बऱ्याचदा कंपनीचे सेफ्टी शूज. कुठे चाललात म्हणून विचारलं तर दहातले आठजण एकच उत्तर देतात: लोणावळा.

लोणावळा हे लोकलचं शेवटचं स्टेशन. पण त्याआधी तळेगाव, वडगाव, कान्हे, कामशेत आणि मळवली येतात, आणि यातलं जवळजवळ प्रत्येक स्टेशन वेगळ्या खोऱ्याचं दार आहे. एका दारातून शिरल्यावर दुसऱ्या खोऱ्यात सहज जाता येत नाही. चुकीच्या स्टेशनवर उतरलेल्याची सुट्टी रस्त्यातच संपते. फोनवरचा नकाशा इथे फसवतो. लोहगडाच्या माथ्यावरून तुंग आणि तिकोना समोर दिसतात, सरळ रेषेत मोजलं तर अंतर थोडंच भरतं, आणि सकाळी लोहगड, दुपारी तिकोना असा बेत ठरतो. प्रत्यक्षात मधे डोंगराची धार, तिच्यापलीकडे उतार, मग पवनेचा जलाशय आणि त्याच्या कडेकडेनं वळसे घेत जाणारा रस्ता असतो. दोन वाड्यांची भिंत सामाईक असली तरी शेजारच्या अंगणात जायला गल्लीच्या तोंडापर्यंत येऊन फिरून जावं लागतं, तशी या खोऱ्यांची रचना आहे.

ती एकदा डोक्यात बसली की बाकी सगळं सोपं होतं. म्हणून आधी नद्या.

लोकल, जुना महामार्ग आणि द्रुतगती मार्ग हे तिन्ही इंद्रायणीच्या खोऱ्यातून जातात. लोणावळ्याकडे तोंड करून उभं राहिलं तर डाव्या हाताला, म्हणजे दक्षिणेला, लोहगड-विसापूरची डोंगररांग आहे आणि तिच्या पलीकडे पवनेचं खोरं, पवन मावळ. उजव्या हाताला, उत्तरेला, आधी कुंडलिकेचं खोरं, नाणे मावळ, आणि त्याच्याही पलीकडे आंद्रेचं खोरं, आंदर मावळ. कुंडलिका आणि आंद्रा दोघी खाली येऊन इंद्रायणीला मिळतात. पवना मात्र वेगळी वाट धरते. ती पिंपरी-चिंचवडमधून वाहत जाऊन दापोडीजवळ मुळेला मिळते. आंदर मावळाच्या उत्तरेची धार ओलांडली की मावळ तालुका संपून खेड तालुका लागतो. तिथे भामा नदी, आणि आणखी वर खुद्द भीमा. चाकणची औद्योगिक वसाहत इंद्रायणी आणि भामा यांच्या मधल्या पट्ट्यात पसरली आहे. इंद्रायणी, भामा आणि भीमा पुढे तुळापूरला एकत्र येतात.

म्हणजे आपल्या कारखान्यांच्या पाठीशी सहा खोरी आहेत. शिवकाळातल्या बारा मावळांची नावं पाठ असलेले पुष्कळ भेटतात; त्यांतलं कुठलं मावळ आपल्या घरातून तासाभरावर आहे आणि तिथे कसं जायचं, हे सांगू शकणारे कमी.

मळवली

सुरुवात करणाऱ्यानं मळवलीला उतरावं. पिंपरीहून साधारण तासाभराचा प्रवास. या एका स्टेशनच्या दोन्ही बाजूंना चालत जाण्याजोगं काहीतरी आहे, आणि एकाही वाहनाची गरज लागत नाही. अशी सोय या मार्गावर दुसरीकडे नाही.

उत्तरेला कार्ला. तिथलं चैत्यगृह देशातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठं, आणि छताच्या लाकडी कमानी दोन हजार वर्षांनंतरही जागेवर आहेत. शेजारीच एकवीरा देवीचं देऊळ. त्यामुळे चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत आणि कुठल्याही रविवारी इथे लेणं पाहायला उसंत मिळत नाही. गुरुवारवाल्यांना ती मिळते. दक्षिणेला द्रुतगती मार्ग ओलांडला की भाजे गाव, वर इसवी सनाच्या आधीची लेणी, आणि तिथून पुढे चढत जाणारी वाट गायमुख खिंडीत पोचते. खिंडीत उभं राहिलं की एका हाताला लोहगड आणि दुसऱ्या हाताला विसापूर.

या दोन किल्ल्यांतला फरक समजून घ्यायला हवा. लोहगडाला लोहगडवाडीपासून माथ्यापर्यंत पायऱ्या आहेत. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा अशी चार दारं एकामागून एक लागतात, आणि माथ्यावर पश्चिमेकडे विंचूकाट्याची लांब, अरुंद सोंड पुढे गेलेली आहे. वाट चुकायला जागाच नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या १२ किल्ल्यांना जागतिक वारशाचा दर्जा दिला, त्यांत लोहगड आहे. गर्दी आधीपासूनच होती. जुलै २०२३ मधल्या एका रविवारी पायऱ्यांवर माणसं तासन्‌तास अडकून पडली होती, ना वर जाता येत होतं ना खाली. चार दारांची ही रचना मुळात चढून येणाऱ्याला अडवायला केलेली आहे. तिथे हजारो माणसं एकाच वेळी सोडली तर दुसरं काय होणार? पावसाळ्यातल्या रविवारी लोहगडावर जाऊ नये, असं मी ओळखीच्या प्रत्येकाला सांगते.

विसापूर उंचीनं लोहगडापेक्षा थोडा जास्त आणि माथ्यानं कितीतरी ऐसपैस. तिथे पायऱ्यांची एकसंध वाट नाही. पावसाळ्यात एक वाट ओढ्याच्या पाण्यातून, मोठाल्या धोंड्यांवरून चढते आणि त्याच पाण्यात मधेमधे जुन्या दगडी पायऱ्या लागतात. दुसरी वाट पाटण गावाच्या बाजूनं येते. माथ्यावर धुकं उतरलं की त्या विस्तीर्ण पठारावर दिशा कळत नाही आणि आपण कुठल्या बाजूनं वर आलो ते सापडेनासं होतं. विसापूरवर हरवलेल्यांना शोधायला बचाव पथकांना पुन्हा पुन्हा जावं लागतं ते यामुळेच. धुक्यात लोहगड चालेल. विसापूर नको, निदान पहिल्या खेपेला तरी नको.

विसापूरच्या उंचीचं मोल इतिहासानं एकदा दाखवून दिलं आहे. ४ मार्च १८१८ ला इंग्रजांनी विसापूर घेतला. शेजारच्या उंच माथ्यावर शत्रूच्या तोफा आल्यावर लोहगड लढवण्यात अर्थ उरला नाही, आणि दुसऱ्याच दिवशी तोही पडला. पुरंदरच्या तहात, १६६५ साली, शिवाजी महाराजांना जे २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत लोहगड, विसापूर, तुंग आणि तिकोना हे चारही होते. नकाशावर हे चार ठिपके पवनेच्या खोऱ्याभोवती बसवून पाहिले म्हणजे कळतं की किल्ले सुटे सुटे दिले-घेतले जात नव्हते. खोरं दिलं जात होतं.

कामशेत, दक्षिणेकडे

पवन मावळात जायचं तर कामशेतला उतरून दक्षिणेचा रस्ता धरायचा. लोहगडावरून दुधिवरे खिंडीमार्गे पलीकडे उतरता येतं, पण ती दिवसभराची चाल आहे. कामशेतहून पवनानगरला एसटी जाते, टमटम आणि जीप जातात, आणि वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा लागतो.

बेडसे माझ्या मनाच्या फार जवळचं आहे, म्हणून थोडं थांबते. कार्ला आणि भाजे यांना महामार्ग आणि स्टेशन मिळालं, बेडसे धारेच्या पलीकडे राहिलं. तेवढ्या एका धारेमुळे इथे आजही शांतता आहे. लेण्याचं तोंड पूर्वेला आहे. सकाळचं ऊन थेट व्हरांड्यातल्या उंच खांबांवर येतं आणि खांबांच्या डोक्यावर बसलेले घोडे, हत्ती, त्यांच्यावरची स्त्री-पुरुषांची जोडपी स्पष्ट दिसू लागतात. दुपारी गेलात तर हेच शिल्प सावलीत असतं. म्हणून बेडसे दिवसाच्या सुरुवातीला आणि तिकोना नंतर, असा क्रम ठेवावा. उलट नको.

तिकोन्याचा पायथा म्हणजे तिकोनापेठ. शेवटच्या टप्प्यातल्या पायऱ्या उंच आहेत आणि खड्या चढणीच्या, पण गड लहान; अर्ध्या दिवसात होतो. माथ्यावरून पवनेचा सगळा जलाशय दिसतो आणि पाण्यापलीकडे तुंगचा सुळका. इथे पुन्हा नकाशा मोह घालतो. तुंगला जायची सोयीची वाट लोणावळ्याहून, अँबी व्हॅलीच्या रस्त्यानं घुसळखांबवरून फुटते. तिकोना कामशेतहून करायचा, तुंग लोणावळ्याहून, आणि दोन्ही एकाच दिवशी करायचे तर स्वतःचं वाहन हवं. तुंगला कठीणगड म्हणतात तो उगाच नाही. उंची फारशी नसली तरी वाट अरुंद आहे आणि एका बाजूला थेट दरी.

या खोऱ्यात पाऊल टाकताना पिंपरी-चिंचवडकरानं एक गोष्ट लक्षात ठेवावी. ते समोरचं पाणी आपल्या नळाचं आहे. पवना धरणात साधारण साडेआठ टीएमसी पाणी मावतं. ते नदीत सोडलं जातं, वाहत खाली येतं, आणि रावेतच्या बंधाऱ्यावर शहर ते उचलतं. शहर वाढलं तशी धरणातून थेट बंद जलवाहिनी टाकायची योजना आली. आपल्या शेतीचं पाणी जाईल म्हणून मावळातले शेतकरी विरोधात उभे राहिले. ९ ऑगस्ट २०११ ला बऊरजवळ द्रुतगती मार्गावर आंदोलन झालं, पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकरी मेले. त्यांत एक बाई होती. जलवाहिनीचं काम त्यानंतर वर्षानुवर्षं ठप्प राहिलं. ज्यांच्या जमिनी धरणात गेल्या त्यांच्या पुनर्वसनाचा प्रश्न तर त्याहून जुना, आणि अर्धं शतक उलटलं तरी पूर्ण सुटलेला नाही. जलाशयाच्या काठावर आज तंबूंच्या रांगा आहेत. शहरातली माणसं शनिवारी रात्री तिथे शेकोटी करतात. करावी, पण ज्या गावात आपण बसलो आहोत त्या गावानं काय दिलं आहे, हे ठाऊक असूनच करावी.

कामशेत, उत्तरेकडे

याच स्टेशनवरून उलट दिशेला, रूळ ओलांडून नाणे मावळ. नाणे, गोवित्री आणि शेवटी जांभिवली. तिथवर वाहन, पुढे पाय. जांभिवलीजवळ कोंडेश्वराचं जुनं देऊळ आहे आणि तिथून ढाकच्या बहिरीची वाट निघते.

ढाकचा बहिरी हे देवस्थान कड्याच्या पोटातल्या गुहेत आहे. शेवटचा टप्पा उभ्या कातळातल्या खोबण्यांमधून, दोराला धरून चढायचा असतो, खाली सरळ पोकळी. इथे अपघाती मृत्यू झाले आहेत. तरी दर वर्षी कुणीतरी चित्रफीत बघून थेट इथेच येतं, आणि तेही पावसाळ्यात. डोंगराची सवय नसलेल्यानं, सोबत अनुभवी माणूस नसताना, आणि कातळ ओला असताना इथे जाऊ नये. तिन्हीपैकी एक अट मोडली तरी नको. कोंडेश्वरापर्यंत जाऊन परत यायलाही हे खोरं पुरेसं सुंदर आहे. राजमाचीही याच बाजूची म्हणून काहीजण कामशेतला उतरतात. तिची नेहमीची वाट लोणावळ्याहून तुंगार्लीवरून उढेवाडीला जाते.

कामशेतची आणखी एक ओळख आहे, आणि तिच्यात या लेखाचं सूत्र सर्वांत स्वच्छ दिसतं. ऑक्टोबर ते मे या काळात इथे पॅराग्लायडिंग चालतं. उडणाऱ्यांचा कुठलाही एक डोंगर ठरलेला नसतो. सकाळी वारा पाहायचा, आणि तो ज्या उताराला समोरून येऊन भिडतो त्या उताराकडे जायचं. कधी टॉवर हिल, कधी शेलार. सकाळी एका खोऱ्यात असलेली मंडळी वारा फिरला की सामान जीपमध्ये घालून दुसऱ्या खोऱ्यात जातात. आधी दिवस बघायचा आणि मग डोंगर ठरवायचा, हा त्यांचा नियम पायी चालणाऱ्यांनीही उचलावा.

हाच नियम जगातल्या सर्वांत नावाजलेल्या डोंगरी खोऱ्यांपैकी एकातही चालतो. फ्रान्समधलं शामोनी हे आर्व्ह नदीच्या काठी, माँ ब्लाँच्या पायथ्याशी वसलेलं गाव. पहिलं हिवाळी ऑलिंपिक १९२४ साली इथे झालं. पहिल्यांदा येणाऱ्याला वाटतं, एवढं मोठं नाव म्हणजे एकच मोठं स्कीचं मैदान असेल, सकाळी या टोकाला शिरावं आणि संध्याकाळी त्या टोकाला निघावं. तसं नाही. ब्रेव्हाँ-फ्लेजेर, ग्राँ माँते, बाल्म, ले झूश अशी वेगवेगळी क्षेत्रं खोऱ्याच्या दोन्ही अंगांना विखुरलेली आहेत आणि बहुतेकांच्या मधे बर्फावरून जोडणारी वाट नाही. खाली उतरायचं, बस किंवा छोटी आगगाडी धरायची, आणि पुढच्या क्षेत्राच्या पायथ्याशी जायचं. ब्रेव्हाँ-फ्लेजेरचा उतार दक्षिणाभिमुख, म्हणून तिथे ऊन. ग्राँ माँते उत्तरेकडे तोंड करून, म्हणून तिथे बर्फ जास्त टिकतं. ले झूशला झाडी, म्हणून हवा बिघडली की लोक तिकडे वळतात. जाणकार सकाळी हवा पाहून क्षेत्र निवडतो आणि दिवसभर तिथेच राहतो.

फरक पडतो तो खालच्या बसमध्ये. तिथे राहणाऱ्या पाहुण्याला एक कार्ड मिळतं आणि त्यावर खोऱ्यातली बस आणि गाडी वापरता येते. डोंगर जोडलेले नाहीत म्हणून त्यांनी पायथे जोडले. आपल्याकडे लोकल आहे, पुणे-लोणावळा मार्गावर ती १९७८ पासून धावते, तिकीट स्वस्त, १७ स्टेशनं. स्टेशनच्या बाहेर पडलं की पुढचे १०-१५ किलोमीटर मात्र नशिबावर.

कान्हे

आंदर मावळाचं दार म्हणजे कान्हे स्टेशन. गावाला फारसं कुणी ओळखत नाही. इथून टाकवे बुद्रुक, तिथून वडेश्वर, आणि खोऱ्याच्या टोकाला खांडी-कुसूर. टाकव्यापर्यंत कारखाने भेटतात, पुढे भातखाचरं सुरू होतात आणि मग ठोकळवाडीचा जलाशय. टाटांच्या आंध्रा व्हॅली कंपनीनं बांधलेलं हे धरण. त्यातलं पाणी कड्याखाली भिवपुरीला सोडून १९२२ पासून वीज तयार होते. म्हणजे या खोऱ्यात पडलेल्या पावसाचा एक मोठा हिस्सा पूर्वेला न येता कोकणात उतरतो. खाली आंद्रा धरणाचं पाणी इंद्रायणीत येतं, आणि निघोज्याच्या बंधाऱ्यावरून उचलून चिखलीत शुद्ध करून पिंपरी-चिंचवडला दिलं जातं. चिखली-मोशीतल्या नव्या सोसायट्यांत राहणाऱ्यांना हे सांगितलं की आश्चर्य वाटतं. पवनेइतकंच आंद्रेशीही या शहराचं नातं आहे.

आंदर मावळात मोठा किल्ला नाही, म्हणून इथे गर्दी नाही. आहे ती कुसूरघाटाची जुनी वाट. बोरघाटाचा रस्ता व्हायच्या आधी देश आणि कोकण यांच्यातली ये-जा अशा घाटवाटांनी होत होती. कुसूरच्या पठारावर सावली जवळजवळ नाही, तेव्हा उन्हाळ्यात दुपारी इथे चालणं धोक्याचं. ऑक्टोबरअखेर ते जानेवारी हा काळ उत्तम. परतीची एसटी कधी आहे हे सकाळी उतरतानाच वाहकाला विचारून घ्यावं. संध्याकाळची चुकली तर खांडीत मुक्काम करावा लागतो. गावात सोय होते, पण घरी फोन लागत नाही.

चाकणकडून

चाकण, म्हाळुंगे, निघोजे, वासुली इथे राहणाऱ्यानं मात्र लोकलचा विचारच करू नये. तळेगावपर्यंत जायचं, ट्रकांच्या रांगेतून परत यायचं, यात दिवसाचा जीव जातो. त्यांच्यासाठी उत्तरेची दोन खोरी आहेत, आणि सर्वांत जवळचा डोंगर तर कंपनीच्या फाटकातून दिसतो.

भामचंद्राचा डोंगर चाकणच्या दुसऱ्या टप्प्याच्या वसाहतीला लागून आहे. तुकोबांच्या चिंतनाच्या जागा म्हणून देहू परिसरात तीन डोंगर सांगितले जातात: भंडारा, घोराडेश्वर आणि भामचंद्र. भंडाऱ्यावर रस्ता आणि मंदिर, घोराडेश्वर तर लोकलच्या खिडकीतून दिसतो. भामचंद्रावर अजून गुहा आहेत, साधकांची वस्ती आहे, आणि पायथ्याशी वाहनांचे सुटे भाग बनवणारे कारखाने. दुसरी शिफ्ट सुरू व्हायच्या आत चढून उतरता येईल एवढा हा डोंगर. त्याच्या भोवतालचं खोदकाम आणि बांधकाम थांबलं पाहिजे, ही वारकऱ्यांची मागणी जुनी आहे आणि ती पूर्णपणे रास्त आहे. वसाहतीला जमीन दुसरीकडे मिळते. तो डोंगर दुसरीकडे मिळणार नाही.

चाकण गावातल्या संग्रामदुर्गाकडेही असंच दुर्लक्ष होतं. १६६० साली फिरंगोजी नरसाळ्यांनी शाहिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे हा भुईकोट ५६ दिवस लढवला. बाजारातून दहा मिनिटांत चालत जाता येतं.

पुढे पश्चिमेला भामा आसखेड धरणाचं खोरं. तिथे चढण्यापेक्षा जलाशयाच्या काठानं फिरणं जास्त. खरा दिवस राजगुरुनगरहून सुरू होतो. चास, वाडा ही गावं मागे टाकत भीमेच्या काठानं जाणारा रस्ता भोरगिरीला संपतो आणि तिथून पायवाट दाट जंगलातून भीमाशंकरला चढते. हे अभयारण्य आहे, शेकरूचं घर. इथे स्पीकर, आरडाओरडा नको. भीमाशंकरला पोचल्यावर मंचरच्या बाजूनं एसटीनं खाली उतरता येतं, म्हणून आल्या वाटेनं परतायची गरज नाही. एका खोऱ्यातून शिरून दुसऱ्यातून निघण्याची सोय या सगळ्या परिसरात इथेच सर्वांत चांगली आहे.

पाणी, पाय आणि झोप

३० जून २०२४ ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एका कुटुंबातली पाच माणसं वाहून गेली. १५ जून २०२५ ला तळेगावजवळ कुंडमळ्याचा लोखंडी पूल माणसांच्या भारानं इंद्रायणीत कोसळला आणि चौघांचा जीव गेला. दोन्ही दिवस रविवार, दोन्ही जागा गाडी थेट जाते अशा. डोंगर चढताना मरणाऱ्यांपेक्षा पाण्याशी उभं राहून मरणारे मला जास्त अस्वस्थ करतात, कारण त्यांना आपण कुठे आलो आहोत हे कळलेलंच नसतं. वरच्या बाजूला खोरं किती लांब आहे, तिथे आत्ता पाऊस पडतो आहे का, हे आपण उभ्या असलेल्या जागेवरून दिसत नाही. खोरं माहीत असलेला माणूस पाणी गढूळ व्हायला लागलं की काठ सोडतो.

लोणावळ्याचं शिवदुर्ग मित्र आणि तळेगाव-वडगाव भागातली वन्यजीव रक्षक मावळ संस्था यांचे स्वयंसेवक अशा वेळी धावून जातात. ही माणसं स्वतःचे कामधंदे सोडून, दोर खांद्यावर टाकून रात्री-अपरात्री कड्यात उतरतात. त्यांचा वेळ आपल्या निष्काळजीपणावर खर्च होऊ नये.

कामगारांसाठी दोन गोष्टी वेगळ्यानं. सेफ्टी शूज डोंगराला चालत नाहीत. उतरताना पुढच्या लोखंडी टोपीवर अंगठे आपटून नखं काळी पडतात आणि ओल्या कातळावर तो जड तळवा पाय नीट टेकू देत नाही. दुसरी गोष्ट नाईटची. रात्रभर जागून सकाळी विसापूर चढणारे तरुण मी पाहिले आहेत. चढताना काही होत नाही, दुपारी उतरताना पाय लटपटतात. त्या गुरुवारी भाजे किंवा बेडसे करावं आणि किल्ला पुढच्या आठवड्यावर टाकावा.

आणि आता त्या शेवटच्या १०-१५ किलोमीटरबद्दल. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी आहे. ज्या शहराचं पाणी पवनेतून आणि आंद्रेतून येतं त्या शहराला या खोऱ्यांत बस पाठवणं अशक्य नाही. गुरुवारी आणि रविवारी सकाळच्या दोन लोकलना जोडून कामशेतहून पवनानगर, कामशेतहून जांभिवली आणि कान्हे स्टेशनहून खांडी अशा फेऱ्या हव्यात, आणि संध्याकाळी परतीच्या लोकलला गाठतील अशा उलट फेऱ्या. मळवली, कामशेत आणि कान्हे इथे फलाटावर मराठीत एक मोठा फलक हवा: कुठल्या बाजूला कुठलं खोरं, पायथ्याचं गाव किती लांब, शेवटची गाडी किती वाजता. एसटी, रेल्वे आणि महापालिका हे तिघं एकदा एकत्र बसले तर हे एका हंगामात होण्यासारखं काम आहे. ही बस फक्त सहलीवाल्यांची स्पेशल मात्र नको. वडेश्वरहून वडगावच्या शाळा-कॉलेजात येणारी मुलं, जांभिवलीहून कामशेतच्या दवाखान्यात येणारी म्हातारी माणसं यांनाही तीच वेळ आणि तोच रस्ता लागतो. तेव्हा थांबा प्रत्येक वाडीला असावा आणि भाडं एसटीपेक्षा जास्त नसावं.